फेल साबची वही

माझं त्या माणसाशी भांडण होतं, आणि ते मिटलं असं मी आजही म्हणणार नाही. ते वारले तेव्हा मी विद्यानगरला गेले, त्यांच्या मुलीला भेटले, तासभर बसले. तरीही नाही म्हणणार. धंद्यात मी पुष्कळ जणांना सोडून दिलंय, कारण पुढच्या सौद्याला तीच माणसं लागतात. सरांशी पुढचा सौदा व्हायचा नव्हता, त्यामुळे राग आहे तसा राहिला.

पहिल्यांदा ते माझ्या दुकानात आले तेव्हा मी बेगम बाजारात होते. दुकान म्हणजे दोन घाऊक व्यापाऱ्यांच्या मधली बोळकांडी. एका बाजूला मिरचीची पोती, दुसऱ्या बाजूला हळद, आणि मध्ये मी, काचेचे फ्लास्क, आम्लाच्या बाटल्या आणि सॉल्व्हंटचे कॅन घेऊन. शिंकत शिंकत धंदा केला. वडील परभणीकडचे, रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कोणी दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेलं नव्हतं. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडून मी बसले.

सरांच्या अंगात बुशशर्ट, खिशात तीन पेनं आणि एक थर्मामीटर. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला, लांब. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून नुकतेच मोकळे झाले होते.

"बाई, परत आलेला माल आहे का?"

"माझा माल परत येत नाही."

"तसं नव्हे. कोणी सांगून गेलं असेल की, हे टाकलं पण काम झालं नाही. असं काही?"

मला वाटलं विक्रीकराचा माणूस आहे. मी तोंड सोडलं. मिरचीवाला उठून बघायला आला. सर शांत उभे. माझं संपल्यावर त्यांनी बगलेतली लांब वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाले, "हं. तर कोणतं केमिकल?"

त्या दिवशी त्यांनी एक तडकलेला फ्लास्क विकत घेतला. मी म्हटलं, सर, हा टाकायचाय. त्यांनी विचारलं, कशानं तडकला? मी सांगितलं, गरम होता, पोऱ्यानं तसाच गार पाण्यात धरला. ते त्यांनी लिहून घेतलं, आणि मी थट्टेत सांगितलेली नव्या फ्लास्कची किंमत मुकाट्यानं ठेवली. मला ते आवडलं नाही. जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्या मनात काय आहे ते मला कळत नाही.

नंतर कळलं, त्यांना सगळा बाजार ओळखतो. नामपल्ली स्टेशनच्या मागे एक रद्दीवाला होता. कॉलेजांच्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या प्रयोगवह्या त्याच्याकडे किलोवर यायच्या. मी एकदा पुठ्ठे घ्यायला गेले होते, तर सर पोत्यावर बसलेले.

"फेल साब, आज बहुत फेल आया! दो बोरे!"

"पास कित्ता है उसमें?"

"थोडा पास भी है."

"पास निकाल के तौलो मियाँ."

आणि खरंच, ज्या पानावर प्रयोग यशस्वी झाला होता ते पान फाडून ते रद्दीवाल्याला परत देत. खाडाखोड केलेली, 'झालं नाही' लिहिलेली, रागानं रेघ मारलेली पानं तेवढी ठेवत. रद्दीवाला मला डोळा मारून म्हणाला, "उल्टी खोपडी है, मगर पैसा सीधा देते."

त्यांच्या घरी नियम होता. कोणी येऊन सांगितलं, अमुक झालं नाही, बिघडलं, की पूर्ण कप चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं. आणि कोणी सांगितलं, झालं, जमलं, की पाणी. स्टीलच्या पेल्यात. शेजारच्या बायकांना हे ठाऊक होतं. दही लागलं नाही की त्या येऊन सांगत. सर विचारत, विरजण किती, भांडं कोणतं, किती तास. लिहून घेत. थर्मामीटर चहात बुडवत, साठवर आला की पीत. मला म्हणायचे, "यशाचा जमाखर्च कोणीही ठेवतो बाई. मला दुसऱ्या पानाची गरज आहे."

ही गरज कशाला होती ते मला वर्षभरानं समजलं. मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. वाळ्याचा पडदा, दोन पंखे, आणि वीज गेली तरी चालावा म्हणून ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. त्या कॉम्प्युटरला ते कारकून म्हणत. दोन रसायनं एकत्र केली तर त्यांच्यात काही घडेल की नाही, हे करून न बघता आधीच सांगायला ते त्याला शिकवत होते.

मी विचारलं, "पुस्तकात असतं की."

"पुस्तकात फक्त झालेलं असतं. झालं नाही ते कोण छापतो? नुसतं झालेलं दाखवलं तर कारकून प्रत्येक गोष्टीला हौ म्हणायला शिकेल. त्याला नक्को शिकवायचं तर नक्को दाखवावं लागतं."

काम असं चाले. प्रत्येक रेणूचे दहा-बारा आकडे: कुठला अणू किती घट्ट बसलाय, आजूबाजूला किती गर्दी आहे, किती तापवलं, किती वेळ. कारकून अंदाज करी. मग त्याला खरं उत्तर दाखवायचं. चुकला असेल तर तो आपल्या आतले आकडे थोडे सरकवी, आणि पुन्हा पहिल्यापासून. हजारो वेळा. दोन दिवस नुसता घरघरत असे. शेवटी शंभरपैकी एक आकडा देई. नव्वदच्या वर म्हणजे होणार, दहाच्या खाली म्हणजे विसरा.

मी हसले होते. पण मुंबईचा एक दलाल मला एक रसायन पडत्या भावात देत होता, त्यातून सोप्या रीतीनं महाग माल बनतो म्हणून. मी सरांना विचारलं. कारकून म्हणाला सात. मी घेतलं नाही. ज्यानं घेतलं त्याचे ड्रम पुढे कित्येक वर्षं त्याच्या गोदामात होते, आम्ही जाता-येता बघायचो. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

मग सरकारी परवान्यांची सक्ती उठली. बेगम बाजारातला जो तो कारखाना काढायला लागला. बॉयलर घेतला की कारखानदार. मीही शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतली, तीन रिअॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची मोठी भांडी, बसवले आणि औषध कंपन्यांना लागणारा मधल्या टप्प्यांचा माल करायला लागले. चार केमिस्ट ठेवले. त्यांत सगळ्यांत जुना नरसिंगराव. मिशीवाला, सावकाश, कधी उलट बोलायचा नाही. काही विचारलं की, "अंता ओके मॅडम." म्हणजे सगळं ठीक.

माझा कारखाना शिस्तीचा होता. बॅच एका पाळीत, आठ तासांत उरकायची. नव्वद डिग्रीच्या वर न्यायचं नाही, इंधन जळतं. पुढच्या पाळीवर काम ढकललेलं मला खपत नसे. एकानं एकदा ढकललं, तेव्हा माझा आवाज शेजारच्या बिस्किटाच्या कारखान्यात ऐकू गेला म्हणतात. पुन्हा कोणी ढकललं नाही. बॅच शीटवर आठ तास, नव्वद डिग्री, खाली सही. तीन वर्षं. मी ती शीट्स चाळायची आणि मला बरं वाटायचं.

ही हजारभर शीट्स मी सरांना देऊ केली. सौदा असा: कागद त्यांचे, आणि कारकुनाची उत्तरं आधी मला, मग जगाला. त्यांनी नेहमीप्रमाणे घासाघीस केली नाही. ऑटोतून दोन पोती उतरवली तेव्हा ते पोरासारखे धावत पायऱ्या उतरले. फ्लास्कमधली पानं त्यांच्याकडे होती, पण कारखान्यातली, एवढ्या मोठ्या भांड्यांतली, कोणी दिली नव्हती.

जमिनीवर बसून पानं उलटता उलटता ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काहीच बिघडत नाही?"

"बिघडवून बघू द्या कोणाला."

"हजारात एकही नाही?"

"माझं लक्ष असतं सर."

त्यांनी पानं बाजूला ठेवली. मग उठले आणि पाणी आणलं. स्टीलच्या पेल्यात. मी पिऊन टाकलं आणि निघाले.

शहरातल्या एका मोठ्या औषध कंपनीनं तेव्हा नवीन विभाग काढला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांची औषधं वेगळ्या वाटेनं बनवली, आता स्वतःचं शोधायचं. त्यांचा एक नवीन रेणू चाचण्यांना जाणार होता, आणि त्याचा मधला एक टप्पा बाहेरून करून घ्यायचा होता. त्यांची स्वतःची वाट लांब होती. मी म्हटलं, मी एका टप्प्यात करून देते. रेणूच्या कड्यावर बसलेलं क्लोरीन उठवायचं आणि तिथे अमाईन बसवायचं, थेट. जुना भाडेकरू काढून नवा ठेवण्यासारखं. काही भाडेकरू सांगितल्याबरोबर उठतात, काही पोलीस आणले तरी हलत नाहीत. हा कुठल्या जातीचा, ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण हा रेणूच नवा होता. एवढं माहीत होतं की तो फार तापवला तर जळतो.

हे काम मिळालं असतं तर मी बोळकांडीतली दुकानवाली राहिले नसते. त्या कंपनीच्या लोकांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली होती. मला ती खुर्ची पुन्हा पाहिजे होती.

कारकून म्हणाला त्र्याण्णव. मी नरसिंगरावला फ्लास्कमध्ये करून बघायला सांगितलं. संध्याकाळी तो म्हणाला, "अंता ओके मॅडम." कंपनीनं जपून ठेवलेला त्यांचा सगळा कच्चा माल मला पाठवला. मी तो रिअॅक्टरमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आत डांबर. काळं, चकचकीत, कडक. दोन माणसं दोरीनं आत सोडून छिन्नी-हातोड्यानं फोडावं लागलं. कंपनीचे दोघे जण बघायला आले. एकानं रुमाल नाकाला लावला. दुसऱ्यानं काहीच विचारलं नाही, आणि मला तेव्हाच कळलं की संपलं. काम दुसरीकडे गेलं. ती खुर्चीही.

मी डांबराचं एक ढेकूळ पेपरात गुंडाळून विद्यानगरला गेले आणि कारकुनाच्या डोक्यावर आपटलं.

"हे घ्या तुमचे त्र्याण्णव!"

सरांनी ढेकूळ उचललं, वास घेतला, नखानं खरवडलं. "किती तास?"

"आठ!"

"किती डिग्री?"

"नव्वद! वाचता येत नाही का तुम्हाला?"

"नव्वदला हे असं होत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता कारखान्यात आले. सिटी बसनं, मग दोन किलोमीटर चालत. ऑफिसात आले नाहीत. कँटीनच्या पत्र्याखाली केमिस्टांमध्ये जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. थर्मामीटर ग्लासात बुडवला, काहीतरी बोलले, चौघं हसले. माझ्या कारखान्यात मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. दुपारी केव्हातरी हसणं थांबलं आणि वही उघडलेली दिसली.

चार वाजता ते माझ्यासमोर बसले.

"आठ म्हणजे चौदा. कधी सोळा. नव्वद म्हणजे एकशेदहा. एक पाळी अर्धं काम दुसरीला देते, दुसरी वाफ वाढवते, आणि शीटवर सगळे आठ आणि नव्वद लिहितात. तुमचा नेहमीचा माल एवढा ताप सोसतो, म्हणून तीन वर्षं निभावलं. हा नवा सोसणारा नव्हता. आठ तासांत झालं नाही, म्हणून त्यांनी रोजच्यासारखी वाफ वाढवली."

"आणि फ्लास्कमध्ये?"

"तिथंही अर्धंच झालं होतं. वाटलं, मोठ्या भांड्यात वाफेनं होईल. नेहमी होतं तसं."

कारकुनानं त्र्याण्णव सांगितलं, नरसिंगरावानं अंता ओके सांगितलं, आणि दोघांनीही मी फर्मावलेलंच मला परत ऐकवलं होतं. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "कोण बोललं हे?"

"बोलले."

"नाव सांगा. चौघांत कोण? पहिल्यांदा एकशेदहा कोणी केलं?"

त्यांनी वही माझ्यापुढे फिरवली. रकाने आखलेले होते. काय घातलं. कशात. किती तापवलं. किती वेळ. काय झालं. काय चुकलं असावं.

"कोणी, हा रकानाच नाही बाई. इतकी वर्षं लिहितोय, कधी लागला नाही."

"मला लागतो! माझा कारखाना आहे!"

"म्हणून तर तुमच्याकडे आठ आणि नव्वद आहे."

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, हे मला आठवतं. मारायला नव्हे, पण उचलला होता. मग माझ्या लक्षात दुसरंच आलं. ज्या माणसानं आयुष्यभर नापास पानं गोळा केली, त्याला हजार शीट्समध्ये एकही नापास नाही हे दिसलं नसेल?

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "शीट्स आणली त्याच दिवशी."

त्यांनी थर्मामीटर खिशातून काढला आणि परत ठेवला. "हौ. कळलं होतं."

"तरी कारकुनाला खाऊ घातलीत?"

"हजार होती, बाई. एवढी कोणी दिली नव्हती."

"मग मला तोंडावर का नाही सांगितलंत?"

"पाणी दिलं होतं की."

माझं भांडण ते हे. एवढंच, आणि यावर मी आजही तडजोड करणार नाही. माणसाला वाचवायचं असेल तर त्याला वाक्यात सांगावं. पाणी देऊन सांगू नये. मी हे त्यांना ओरडून सांगितलं, तेव्हा कँटीनमधले चौघं उठून आत गेले. सरांनी ऐकून घेतलं. मग माझ्यासमोरच नवीन पान उघडून लिहायला लागले. काय घातलं: हजार शीट. कशात: माझ्या कॉम्प्युटरमध्ये. काय झालं: चुकीचं उत्तर, दुसऱ्याचं नुकसान. शेवटच्या रकान्यात, काय चुकलं असावं, तिथे त्यांनी एकच शब्द लिहिला: हाव.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझी सगळी शीट्स कारकुनातून काढून टाकली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसवलं. पोती ऑटोनं परत पाठवली. भाडं त्यांनी दिलं.

मी कोणाला कामावरून काढलं नाही. कोणाला काढायचं ते कळलं असतं तर काढलं असतं. तशी लांब वही मीही आणली आणि तेच रकाने आखून बॉयलरजवळ दोरीला बांधली. शीटवर काय लिहायचं ते लिहा, म्हटलं, इथे खरं लिहा. सही नको. नरसिंगराव म्हणाला, "ओके मॅडम."

वही कोरी राहिली. दोन उन्हाळे गेले, दोन पावसाळे गेले, पानांच्या कडा वाफेनं फुगल्या. मी रोज उघडून बघायची आणि रोज चिडायची. एकदा तर मनात आलं, वहीत काही का लिहीत नाही म्हणून सगळ्यांना उभं करून झापावं. हे मनात आल्यावर मला स्वतःचीच शरम वाटली, हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगतेय.

दसऱ्याच्या नंतर एका सकाळी पहिल्या पानावर एक ओळ होती. दोन नंबरचा रिअॅक्टर, अठ्ठ्याण्णव डिग्री, अकरा तास, झालं नाही. काय चुकलं असावं: ढवळायचा पंखा मध्येच बंद पडला, सांगायला भीती वाटली.

सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ मारणारा माझ्याकडे एकच माणूस होता, पण त्या ओळीत सात नव्हता. त्याच्या नवाची शेपूट मात्र होती. इतकी वर्षं मी त्याची शीट्स वाचली होती. मला क्षणात कळलं कोण ते. अकरा तास! पंखा बंद! माझी कानशिलं तापली. नरसिंगराव दहा पावलांवर पाठमोरा उभा होता, व्हॉल्व्ह पुसत होता. तो व्हॉल्व्ह आधीच स्वच्छ होता.

मी वही दोरीतून सोडवली, ऑफिसात आले, पर्स घेतली आणि रिक्षा करून विद्यानगरला गेले. दीड वर्षानं.

सरांनी दार उघडलं. तोच बुशशर्ट, तोच थर्मामीटर. मागून कारकुनाची घरघर येत होती. मी पहिलं पान उघडून धरलं. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली. दोनदा वाचली.

"कोणी लिहिलंय ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

"काय केलंत त्याचं?"

"काही नाही. इकडे आले."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना! जमलं एकदाचं!"

ते आत गेले. कपबश्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत बसले. इतक्या लांबून आले होते, उन्हातून, आणि बिघडलेल्या बॅचची नोंद घेऊन आले होते. चहावर माझा हक्क होता.

ते बाहेर आले आणि त्यांनी माझ्यासमोर पाणी ठेवलं. स्टीलच्या पेल्यात.